पांदणीतला गारा आणि गुलमर्गचा बर्फ

समुद्रपूरहून गिरडकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत वळलं, की आमच्या वावरापर्यंत दीड-पावणेदोन किलोमीटरची पांदण लागते. उन्हाळ्यात या पांदणीतून कुठलीही कार जाते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की मोटारसायकल बंद. आर्द्रा लागली की रिकामी बंडी ओढतानाही बैल मान खाली घालतात. जुलैच्या मध्यावर ट्रॅक्टरवाला भाड्याचं बोलायच्या आधी विचारतो, "काल किती पडला भाऊ तिकडं?" आणि उत्तर ऐकून तो भाव सांगत नाही, चार दिवसांनंतरचा वार सांगतो.

वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हा आकडा ऐकून कोकणातला माणूस हसेल. पण तिकडे पाणी पडतं ते जांभ्यावर, आणि आमच्याकडे काळ्या मातीवर. बेसॉल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकण माती भरपूर असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जुलैत त्याच जागी पाय आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत जातो. कपाशीला ही माती मानवते, शेजारच्या वायगावच्या हळदीला तर तिनं नाव मिळवून दिलं. चाकाचं आणि तिचं मात्र कधी जमलं नाही. टायरच्या नक्षीत ती अशी गच्च बसते की दहा-वीस फुटांत टायर गुळगुळीत होतो. मग मडगार्डच्या आत भरते, आणि शेवटी चाक फिरायलाच जागा उरत नाही.

या पांदणीसाठी आमच्या घरी जुनी महिंद्रा जीप होती. विलीजच्या वंशातली, कॅनव्हासच्या छताची, सहा-सोळाचे अरुंद टायर असलेली. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे. एक पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जोडायचा, दुसरा हाय-लो करायचा. लोमध्ये चाकांचा वेग निम्म्याच्या आसपास येतो आणि जोर तेवढ्या पटीनं वाढतो. याशिवाय पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हबचा खटका होता. तो खाली उतरून हातानं फिरवावा लागे, तेव्हा कुठे पुढचा एक्सल चाकाला जुळायचा. हे काम डांबरावर उभं असतानाच करायचं असा बाबांचा दंडक होता. गाऱ्यात, म्हणजे या चिखलात, शिरल्यावर हबपर्यंत पोचायचं म्हणजे गुडघ्यावर बसायचं, आणि बोटांना गारा लागला की तो खटका सापडला तरी फिरत नाही.

कागदोपत्री चारही चाकांची गाडी. पण तिच्या पोटात नेमकं काय चालतं हे मला हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मागच्या एक्सलचं हाऊसिंग उघडून दाखवलं. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देण्यासाठी एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल असतं. त्यानं गॅरेजमध्ये जॅकवर उचललेल्या गाडीचं एक चाक हातानं दाबून धरलं आणि मला गिअर टाकायला सांगितलं. दुसरं चाक दुप्पट वेगानं फिरू लागलं. "पाहा," तो म्हणाला, "ज्याले काही अडवत नाही, तेच फिरते. चारी चाकं फिरून राहिले म्हणून गाडी निंघत नसते भाऊ. मातीनं धरलं पाह्यजे न."

पांदणीत फसलेल्या जीपचं चित्र त्या दिवसापासून मला वेगळं दिसू लागलं. फोर-व्हील लावलेली असते, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून बसलेला असतो, पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक गारा उडवत गरगरतात आणि उरलेली दोन चाकं ढिम्म उभी असतात. गाडीत दोष काही नसतो. ताकद चाकापर्यंत पोचलेली असते, पण चाकाखाली तिला अडायला काही नसतं. नव्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवतात. जुन्या जीपमध्ये ते काम डावा पाय ब्रेकवर हलकेच ठेवून करावं लागायचं, आणि ते साधायला सवय लागते.

गाऱ्यात गाडी चालवायची आमच्याकडची रीत थोडक्यात अशी. लो लावायचा, दुसरा गिअर टाकायचा आणि एका लयीत जायचं. मध्ये गिअर बदलायचा नाही, कारण क्लच दाबला त्या क्षणी गाडी उभी राहते. स्टिअरिंग सतत थोडं डावं-उजवं करत राहायचं, म्हणजे टायरच्या कडांना नवी माती सापडते. चाक जागीच फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा, कारण फिरणारं चाक खड्डा खणतं आणि दोन मिनिटांत एक्सल जमिनीला टेकतो. एकदा पोट टेकलं, की गाडीचं सगळं वजन मातीवर जातं आणि चाकं नुसती लोंबकळतात. चाकोरीत शिरायचं नाही. बंडीची चाकोरी एका रुंदीची, ट्रॅक्टरची दुसऱ्या आणि जीपची तिसऱ्या, म्हणून एक चाक चाकोरीत अन् दुसरं उंचवट्यावर अशी गाडी तिरपी होते. त्यापेक्षा एका बाजूचं चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं धुऱ्याकडच्या गवतावर ठेवलं तर गवताची मुळं बऱ्यापैकी धरून ठेवतात.

जुलै २०२२ मध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. त्या महिन्यात पावसानं विदर्भात ठाण मांडलं होतं. वणा नदी फुगली, हिंगणघाटच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, ठिकठिकाणचे रपटे पाण्याखाली गेले. आमचा सालदार कुटुंबासह वावरातल्या घरीच राहायचा. गोठ्यात जनावरं होती, सरकीची ढेप संपत आली होती आणि नाल्याकाठच्या विहिरीवर मोटर बसवलेली होती. सकाळी त्याचा फोन आला, "भाऊ, नाला वाढून राहिला. मोटर काढा लागते." ट्रॅक्टर कुणी द्यायला तयार नव्हतं. मी आणि चुलतभाऊ ढेपीची पोती मागे टाकून निघालो. सोबत सब्बल, दोन फावडी, नायलॉनचा जाड दोर आणि रिकामा बारदाना.

डांबरावर हब लॉक केले. अर्धी पांदण जीप तक्रार न करता गेली. इंजिनाचा आवाज एकसारखा, वेग माणसाच्या चालीएवढा. पुढे दोन्हीकडून धुरे जवळ येतात आणि मधोमध ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या. तिथं डावीकडचा गवताचा पट्टा पावसानं खचला होता. जीप सावकाश, अगदी डोळ्यांदेखत, बाजूला घसरली आणि डावी दोन्ही चाकं चाकोरीत जाऊन बसली. खालून हाऊसिंग टेकल्याचा दबका आवाज आला. मी पाय काढला, इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही दोघं उतरलो.

उतरल्यावर पहिल्यांदा काही करायचं नसतं, बघायचं असतं. कुठलं चाक लोंबकळतंय, पोट कुठं टेकलंय, मागची आपलीच वाट अजून शाबूत आहे का. चुलतभावानं हाऊसिंगखालचा गारा सब्बलीनं मोकळा केला, मी फावड्यानं ओढला. काळ्या मातीत फावडं मारणं सोपं आहे, ते रिकामं करणं कठीण. प्रत्येक वेळी पायाच्या टाचेनं खरवडल्याशिवाय गारा फावडं सोडत नाही. चपला आधीच काढल्या होत्या, त्या नंतर सापडल्या. शेजारच्या कास्तकाराच्या धुऱ्यावर मागच्या हंगामातल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, सरपणासाठी रचलेला. हाक मारून विचारायला कुणी नव्हतं, नंतर सांगू म्हणून त्यातल्या दोन मोळ्या आणल्या. चाकाच्या मागे पऱ्हाट्या आडव्या रचल्या आणि वर बारदाना दाबला. मागेच का, तर पुढची जमीन अनोळखी असते आणि मागची आपल्याच चाकांनी थोडी दाबलेली असते. अडकलेल्या गाडीनं आधी मागे यावं.

रिव्हर्स टाकून क्लच हळूहळू सोडला. पहिल्यांदा काही झालं नाही. मग पऱ्हाट्या मोडल्याचा कडकड आवाज झाला, आणि तो आवाज म्हणजे चाकानं काहीतरी पकडलं. जीप हातभर मागे आली, पुन्हा बसली, पुन्हा आली. असं करत ती चाकोरीतून वर निघाली.

एवढ्यात पलीकडून सालदार आला. त्यानं जीपकडे पाहिलंही नाही, पांदणीकडे पाहिलं. धोतर वर खोचलेलं, अनवाणी. म्हणाला, "मी पुढं चालतो. माह्या पायामागं मागं आणा." आणि तो खरोखर चालत निघाला. दोन पावलं टाकायचा, टाचेवर वजन द्यायचा, पाय किती जातो ते बघायचा आणि हातानं डावं-उजवं दाखवायचा. जिथं खाली मुरूम वीतभरावर आहे तिथं टाच अडते, जिथं नाही तिथं पाय जातच राहतो. त्याच्या पायामागून ती उरलेली पांदण जीपनं कुठेही न थांबता पार केली. मोटर काढून मागे टाकली तेव्हा परतीला आणखी सोपं गेलं, कारण मागच्या चाकांवर वजन आलं होतं.

वर्ध्याच्या गाऱ्यानं मोठमोठ्यांना चालायला लावलंय. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले तेव्हा तिथं धड रस्ता नव्हता. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्यातल्या मगनवाडीहून पायी ये-जा करत. आश्रमाच्या जुन्या आठवणींत जमनालालजी बजाजांच्या एका फोर्ड गाडीची गोष्ट येते. तिला बैल जुंपून पाहुण्यांना नेत, आणि पोरं तिला गमतीनं ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. आमच्या मिस्त्रीला ती गोष्ट फार आवडते. त्याच्या मते वर्धा जिल्ह्यात गाऱ्यासाठी बनलेली ती एकच खरी गाडी, कारण ओढणारे पुढे आणि चारही पायांना अक्कल.

आता बर्फाकडे येतो. हिंगणघाटवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ कन्याकुमारीला सुरू होऊन श्रीनगरला संपतो. लहानपणी जाम चौरस्त्यावर उभं राहून हैदराबाद आणि नागपूर या दोनच दिशा कळायच्या. हाच रस्ता पुढे काश्मीरला जातो हे कुणी सांगितलं नव्हतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं चारही चाकांना ताकद जाणारी नवी गाडी घेतली आणि जानेवारीत या रस्त्यानं टोकापर्यंत जायचं ठरवलं. मला म्हणाला, "काका, तुम्ही चला. तुम्हाला गाऱ्याची सवय आहे."

त्याची गाडी आमच्या जीपहून वेगळ्या जातीची. जीपमध्ये पुढचा एक्सल आपण जोडायचा आणि कोरडं डांबर आलं की आठवणीनं सोडवायचा, नाहीतर वळणावर चारही चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरपेटीवर ताण येतो. त्याच्या गाडीत हे सगळं आपोआप होतं. एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरायला लागली की मागची जोडली जातात. समोर एक गोल खटका, त्यावर ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार पर्याय. लो गिअर नाही. पोटाखालची जागा जेमतेम वीतभर.

चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरहून लांब बोगदा गेला, मग बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा. त्यातून बाहेर पडलो तेव्हा समोरचं खोरं पांढरं होतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलान म्हणतात, कडाक्याच्या थंडीचे दिवस. आम्ही त्यातच पोचलो होतो. श्रीनगरहून गुलमर्गला जाताना तंगमर्गपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे, तिथून तेरा किलोमीटर सलग चढ आणि वळणं. बर्फ पडला की तंगमर्गला गाड्या अडवतात आणि साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांच्या गाड्याच वर सोडतात. पुतण्याच्या गाडीला तेवढ्यावर वाट मिळाली असती. पण तिथं साखळ्या भाड्यानं देणाऱ्या माणसानं टायरकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठले? आम्ही म्हटलं, पुण्याचेच. तो हसला आणि साखळ्या बसवायला खाली बसला.

चढताना माझं मन हळूहळू निर्धास्त होत गेलं. गाऱ्यात जी धडपड असते ती इथं काहीच नव्हती. दाबलेल्या बर्फावर गाडी उभी करून पुन्हा काढली तरी सहज निघायची. मी खटका स्नोवर ठेवला, दुसऱ्या गिअरमध्ये पाय हलका ठेवला आणि देवदारांमधून वर जात राहिलो. अडचण उतरताना कळली. पुढची एक टॅक्सी थांबली, मी बऱ्याच अंतरावरून ब्रेक दाबला, पॅडल पायाखाली थरथरलं आणि गाडी आपल्या मर्जीनं पुढे सरकत राहिली. थांबली, पण मला हवं तिथं नाही. टॅक्सीच्या मागे हातभर जागा उरली.

गाऱ्याची सवय इथं उलटी पडते. गाऱ्यात निघणं कठीण आणि थांबणं फुकट. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की माती स्वतःच गाडी धरते, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायची वेळच येत नाही. दाबलेल्या बर्फावर चारही चाकांच्या गाडीला निघणं सोपं असतं, थांबणं कठीण. आणि थांबण्याच्या कामात चार चाकांना ताकद जाते की दोन चाकांना, यानं काडीचा फरक पडत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. हिशेब सरळ आहे. ताशी ४० किलोमीटर वेगानं कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी आठेक मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर पकड त्याच्या आठव्या हिश्शावर येते, म्हणून त्याच गाडीला साठ मीटरहून जास्त लागतात. चढाची सहजता पाहून ज्याचा विश्वास वाढतो तो उतारावर फसतो, आणि मोठ्या गाडीवाल्यांचा विश्वास लवकर वाढतो. रस्त्याच्या कडेला नाक खुपसून उभ्या असलेल्या गाड्यांत चारही चाकांच्या गाड्या काही कमी नव्हत्या.

तंगमर्गच्या माणसानं सांगितलेलं उतारावर कामी आलं. जितक्या हलक्या पायानं चढलात त्याहून हळू उतरा, खालचा गिअर आधीच टाका, वळणाच्या आत ब्रेक दाबू नका, साखळ्या लावल्यावर ताशी ३० च्या वर जाऊ नका. सैल ताज्या बर्फात एबीएसमुळे थांबायचं अंतर उलट वाढतं हेही तिथं कळलं. चाक अडकलं तर त्याच्यापुढे बर्फाचा ढीग जमून गाडी रोखली जाते, एबीएस चाकाला फिरतं ठेवतं म्हणून तो ढीग जमतच नाही.

खोल बर्फाची गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. रात्रभर बर्फ पडून हॉटेलच्या बोळात गुडघ्याएवढा थर साचला होता आणि गाडी बोळाच्या आतल्या टोकाला. ताजा बर्फ दिसायला कापसासारखा. आमच्याकडच्या माणसाला तर जिनिंगच्या अंगणातला ढीगच आठवतो. चाकाखाली गेला की मात्र तो दबून फरशी होतो. पहिले काही फूट गाडी गेली. मग पुढे ढकललेला बर्फ पोटाखाली दाबला जाऊन तिथं त्याचा चबुतरा झाला, आणि गाडी त्यावर टेकली. चारही चाकं आळीपाळीनं फिरत होती, खटका लॉकवर होता, आणि गाडी जागच्या जागी. मला ती जागा ओळखीची वाटली. पांदणीत हाऊसिंग टेकतं तेव्हा हेच होतं.

हॉटेलचा चौकीदार ढगळ फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून आमच्याकडे बघत होता. तो आला तो सरळ गाडीच्या मागे गेला आणि सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ पायानं दूर केला. आधी हे, मग बाकीचं, असं त्यानं हिंदीत बजावलं. ते का, हे मला नीट ठाऊक होतं. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं मेली. थंडीपासून बचावासाठी इंजिन चालू ठेवलेलं, नळी बर्फात बुजलेली, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचलेला. त्याला वास नसतो. बर्फात अडकलेल्या गाडीत बसून राहायची वेळ आलीच, तर इंजिन अधूनमधून चालवायचं, नळी मोकळी ठेवायची आणि एक काच बोटभर खाली.

मग त्यानं पोटाखालचा बर्फ लांब दांड्याच्या फावड्यानं ओढून काढला. बर्फ फावड्याला चिकटत नाही, याचा मला हेवा वाटला. बुखारीच्या शेगडीतली राख बादलीभर आणून त्यानं चारही चाकांच्या पुढे-मागे टाकली. पुतण्यानं घसरण रोखणारी यंत्रणा बटण दाबून बंद केली, कारण ती चाक फिरू लागलं की इंजिनाचा जोरच कापते आणि अशा वेळी थोडं फिरणं लागतंच. मागे, पुढे, मागे, असं झुलवत गाडी चबुतऱ्यावरून उतरली. बोळातून बाहेर काढताना चौकीदार पुढे चालत होता, बुटांनी बर्फ दाबून बघत. कुठं खाली दगडी कडा आहे आणि कुठं गटार, हे त्यालाच माहीत होतं. आमच्या सालदाराची चाल मी तिथं, अडीच हजार मीटरहून जास्त उंचीवर पाहिली.

परतीच्या प्रवासात पुतण्या विचारत होता की आणखी मोठी गाडी घ्यावी का, लो गिअरची, उंच पोटाची. माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं. बर्फात वरचेवर जायचं असेल तर आधी टायरवर पैसे घाल. साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं नरम राहतं, आणि ती नरमाई निघताना, वळताना, थांबताना अशी तिन्ही वेळा उपयोगी पडते. चार चाकांची ताकद फक्त निघताना. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत आणि चारही चाकांच्या गाडीला त्यातून सूट नाही. ते उगाच नसावं. त्यानं ऐकलं आणि तरी गाडी बदलायचं म्हणतोय. तरुण आहे.

आमच्या पांदणीत मात्र टायर बदलून भागत नाही, जमीनच बदलावी लागते, म्हणजे मुरूम आणि दगड. त्यासाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. वाट कुणी अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, त्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. आमच्या पांदणीच्या अर्ध्या भागावर मुरूम पडला आहे. उरलेला अर्धा दोन धुऱ्यांच्या वादात आहे.

अलीकडे नवी अडचण सुरू झाली आहे. पावसाळ्यात नागपूरकडून, वर्ध्यातून, कधी चंद्रपूरहून पोरं नव्या कोऱ्या फोर-व्हील गाड्या घेऊन पांदणी शोधत येतात. गारा उडवायचा, मोबाइलवर चित्रण करायचं आणि निघून जायचं. गाडी त्यांची जोरदार असते, जातेही पार. पण रुंद टायरनं पाडलेली हातभर खोल चाकोरी मागे राहते. तीत पाणी साचतं, आणि दुसऱ्या दिवशी डवरणीला निघालेल्या कास्तकाराच्या बंडीचा आस तिथं टेकतो. त्याच्याकडे दोर ओढणारा मित्रांचा ताफा नसतो, दोन बैल असतात.

त्यांना एवढंच सांगणं आहे. गाडी जरूर आणा, पण पाऊस थांबून वाफसा येऊ द्या. आणि पांदणीत शिरण्याआधी उतरून शंभर पावलं पायी चाला. जिथं तुमचा पाय जातो, तिथं गाडी नेऊ नका.